विश्लेषण : युरोपातील जुन्या शहरांत परवडणारी खोली आता कोणाच्या दारी?

नवी दिल्ली : व्हॅटिकनमधील सेंट पीटर्स बॅसिलिकाचे ‘पवित्र द्वार’ पोप लिओ चौदावे यांनी ६ जानेवारी २०२६ रोजी बंद केले आणि २४ डिसेंबर २०२४ पासून सुरू असलेले कॅथलिक पंथाचे पवित्र वर्ष संपले. या काळात रोममध्ये येऊन गेलेल्या यात्रेकरूंची संख्या व्हॅटिकनने तीन कोटी तीस लाखांहून अधिक असल्याचे सांगितले. त्या गर्दीच्या भीतीने गेल्या वर्षी बेत पुढे ढकललेले अनेक भारतीय प्रवासी आता रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस अशा शहरांकडे पुन्हा वळतील. गर्दी ओसरली म्हणजे खोल्या स्वस्त झाल्या, असा सरळ हिशेब मात्र येथे मांडता येत नाही. जुन्या शहराच्या पोटात, चारपाचशे वर्षांच्या एखाद्या वास्तूत, मध्यमवर्गीय खिशाला झेपेल अशा दरात तीन रात्री काढण्याची सोय युरोपात आजही आहे. ती कोणाच्या हाती आहे आणि किती काळ टिकणार, हा प्रश्न मात्र गेल्या दोनतीन वर्षांत बदललेल्या कायद्यांनी ऐरणीवर आणला आहे.

छोट्या सहलीचे अर्थकारण लांबच्या सहलीपेक्षा वेगळे असते. भारतातून जाणाऱ्याचे विमानभाडे, विमा आणि व्हिसा हे खर्च दिवसांच्या संख्येवर फारसे अवलंबून नसतात. शेंगेन व्हिसाचे शुल्क ११ जून २०२४ पासून प्रौढांसाठी ८० वरून ९० युरो झाले. सहा ते बारा वयाच्या मुलांसाठी ते ४५ युरो आहे. म्हणजे नवरा, बायको आणि आठ वर्षांचे मूल असे तिघे निघाले तर २२५ युरो येथेच संपतात. युरोने २०२५ मध्ये शंभर रुपयांचा टप्पा ओलांडल्यामुळे ही रक्कम साडेबावीस हजार रुपयांच्या वर जाते, शिवाय अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. व्हिसा नाकारला गेला तरी हे पैसे परत मिळत नाहीत. वैद्यकीय विमा किमान ३० हजार युरोंचा लागतो. यांपैकी कशातच घासाघीस करता येत नाही. उरते ती निवासाची बाब, आणि कात्री लावायची तर तिथेच.

दुसरीकडे, छोट्या आणि वारंवार केलेल्या सहली भारतीयांसाठी पूर्वीपेक्षा सोप्या झाल्या आहेत. युरोपीय आयोगाने १८ एप्रिल २०२४ रोजी भारतीय नागरिकांसाठी स्वीकारलेल्या नियमांनुसार मागील तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून ते नियमानुसार वापरलेल्या व्यक्तीला दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो आणि त्यानंतर, पारपत्राची मुदत पुरेशी असेल तर, पाच वर्षांचा. शिवाय जर्मनीत शिकणारे आणि नेदरलँड्समध्ये नोकरी करणारे हजारो भारतीय तरुण आहेत, त्यांत मराठी मुलेमुलीही बरीच. शनिवार-रविवारला जोडून एखादी सुटी आली की रेल्वेने किंवा स्वस्त विमानाने दुसरे शहर गाठणे ही त्यांची रीतच झाली आहे. आईवडील भेटीला आले की हीच मुले त्यांना चार दिवस रोम दाखवून आणतात. प्रस्तुत विवेचन प्रामुख्याने अशा प्रवाशांच्या संदर्भात आहे.

रोमचे उदाहरण विस्ताराने पाहणे उचित ठरेल, कारण स्वस्त आणि ऐतिहासिक निवासाची तिथली परंपरा युरोपात सर्वांत जुन्यांपैकी एक आहे. पहिले पवित्र वर्ष पोप बोनिफेस आठवे यांनी इ. स. १३०० मध्ये जाहीर केले. त्याच्याही आधीपासून दूरदूरच्या देशांतून यात्रेकरू येत आणि प्रत्येक देशाचे लोक आपल्या माणसांसाठी उतरण्याची जागा बांधत. इंग्रजांचे यात्रीगृह १३६२ मध्ये सुरू झाले. पुढे त्याचेच धर्मशिक्षण देणारे महाविद्यालय झाले. जर्मन भाषकांचे वेगळे, स्पॅनिशांचे वेगळे. १५५० च्या पवित्र वर्षात संत फिलिप नेरी यांच्या बंधुसंघाने गरीब यात्रेकरूंच्या जेवणखाणाची आणि झोपण्याची व्यवस्था केली होती. काशीत, पंढरपुरात किंवा रामेश्वरात प्रांतवार आणि समाजवार धर्मशाळा कशा उभ्या राहिल्या हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना रोमची ही रचना परकी वाटणार नाही. दात्याने वास्तू द्यायची, संस्थेने ती चालवायची आणि उतरणाऱ्याने यथाशक्ती द्यायचे, असा तो व्यवहार होता.

इटलीच्या एकीकरणानंतर या वास्तूंवर पहिले मोठे संकट आले. १८७० मध्ये रोम इटलीत सामील झाले आणि १८७३ च्या कायद्याने तिथल्या धर्मसंघांच्या मालमत्तेवर सरकारचा हात पडला. अनेक मठांची कार्यालये, शाळा, लष्करी बराकी झाल्या. जे वाचले आणि जे नंतर नव्याने उभे राहिले, त्यांपैकी कित्येकांनी विसाव्या शतकात रिकाम्या होत चाललेल्या खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. आज इटलीच्या पर्यटन कायद्यांत अशा ना-नफा अतिथिगृहांसाठी वेगळा वर्ग आहे. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, आसिसी या सर्व ठिकाणी ती आढळतात.

तिथली खोली कशी असते? एकेरी पलंग, पांढरी चादर, भिंतीवर क्रूस, एक टेबल-खुर्ची आणि बहुधा स्वतंत्र न्हाणीघर. दूरचित्रवाणी संच असेलच असे नाही. सकाळी पाव, जॅम, कॉफी. आत मात्र संत्र्याच्या झाडांचे अंगण असू शकते, कमानींची ओसरी असू शकते, आणि दार उघडताच समोर बरोक शैलीतले चर्च. धर्माची अट सहसा नसते, मर्यादा पाळण्याची अपेक्षा असते. बऱ्याच ठिकाणी रात्री ठरावीक वेळेला मुख्य दार बंद होते आणि त्यानंतर आलेल्याला ते उघडत नाही. लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन गेलेल्या भारतीय कुटुंबाला ही अट जाचक वाटण्याचे कारण नाही. पंचविशीतल्या मित्रमंडळींनी मात्र आधी विचार करावा. सगळीच घरे स्वस्त असतात असेही नाही. पियाझा फार्नेसेवर, जिथे स्वीडनच्या संत ब्रिजिट यांचे १३७३ मध्ये निधन झाले त्या घरात, त्यांच्याच संघाच्या भगिनी आजही पाहुणे ठेवतात. अशा मोक्याच्या पत्त्याचे दर साध्या मठातल्या खोलीसारखे असण्याची अपेक्षा करू नये. पण एकाच गल्लीतले हॉटेल आणि मठ यांची तुलना केली तर साधेपणाच्या बदल्यात वाचणारे पैसे बहुतेक वेळा लक्षात येण्याजोगे असतात.

ही सोय टिकणार का, याबद्दल शंका घ्यायला दोन कारणे आहेत. पहिले कराचे. धर्मसंस्थांच्या इमारतींना मिळणाऱ्या मालमत्ता कराच्या सवलतीवर इटलीतील खासगी हॉटेल व्यावसायिकांचा जुना आक्षेप आहे : खोली आम्हीही देतो, तेही देतात, मग कर आम्हीच का भरायचा? २०१२ पासून मालमत्तेच्या व्यापारी वापराच्या भागावर कर लागू झाला. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ मध्ये एका मुलाखतीत, मठाचे हॉटेल करणाऱ्यांनी इतरांसारखा कर भरला पाहिजे, अशी स्पष्ट भूमिका घेतली होती. पुढे ६ नोव्हेंबर २०१८ रोजी युरोपीय न्यायालयाने जुन्या काळातील सवलतीची वसुली टाळण्याचा मार्ग बंद केला आणि मार्च २०२३ मध्ये युरोपीय आयोगाने २००६ ते २०११ या वर्षांतील बेकायदा सवलत वसूल करण्याचा आदेश इटलीला दिला. हॉटेलवाल्यांचा युक्तिवाद तत्त्वतः बिनतोड आहे. तरीही वीस खोल्यांचा मठ आणि दोनशे खोल्यांचे हॉटेल यांना एकाच तराजूत तोलले, तर आधी मठच मोडतो, हेही नाकारता येत नाही.

दुसरे कारण माणसांचे. युरोपातील धर्मभगिनींची संख्या अनेक दशके घटते आहे आणि उरलेल्यांचे वय वाढते आहे. इटलीतील कित्येक मठ आज भारत, फिलिपिन्स आणि आफ्रिकेतून आलेल्या भगिनींवर चालतात. रोममधल्या एखाद्या मठाची घंटा वाजवल्यावर दार उघडणारी सिस्टर केरळची निघाली, तर आश्चर्य वाटू नये. वास्तू मोठी, माणसे थोडी आणि छपराच्या दुरुस्तीचा खर्च डोईजड, अशा अवस्थेत संघापुढे इमारत विकण्याचा किंवा हॉटेल कंपनीला दीर्घ मुदतीने देण्याचा पर्याय येतो. त्याचे टोक कुठे असते हे सिसिलीतील ताओरमिना येथे पाहता येते. तिथला चौदाव्या शतकातील डोमिनिकन मठ १८९६ मध्येच हॉटेल झाला. आज ते फोर सीझन्स समूहाच्या नावाने चालणारे अतिमहागडे हॉटेल आहे. भिंती त्याच, ओसरी तीच, आत झोपणारा बदलला.

मठांपेक्षा कितीतरी अधिक प्रवासी गेली पंधरा वर्षे जुन्या शहरांत राहिले ते एअरबीएनबीसारख्या मंचांवरून मिळणाऱ्या घरांत. तुळयांचे छत, दगडी जिना, खिडकीतून दिसणारा घुमट आणि हॉटेलपेक्षा कमी दर. स्वयंपाकघर असल्यामुळे भारतीय कुटुंबांना हा पर्याय विशेष भावला. शाकाहारी माणसाला तर तो अर्धा प्रश्न सोडवणाराच होता. पण त्या स्वस्ताईची किंमत दुसरेच कोणी भरत होते. व्हेनिसच्या मुख्य बेटांवर १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे राहत. २०२२ मध्ये हा आकडा ५० हजारांच्या खाली गेला. या घसरणीला पूर, महागाई, रोजगार अशी अनेक कारणे आहेत आणि ती अल्पमुदतीच्या भाड्याच्या घरांच्या कितीतरी आधी सुरू झाली. तथापि जे घर आठवड्याला पाहुण्यांकडून महिन्याचे भाडे मिळवून देते, ते शिक्षिकेला किंवा नर्सला भाड्याने कोण देणार, हा तिथल्या रहिवाशांचा प्रश्न निरुत्तर करणारा आहे.

आता शहरे उलट फिरली आहेत. फ्लॉरेन्सने २०२३ मध्ये, १९८२ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या आपल्या ऐतिहासिक मध्यभागात नव्या अल्पमुदतीच्या भाडेघरांना मनाई केली. पुढे दारांशेजारी टांगलेल्या किल्ल्यांच्या पेट्यांवरही बंदी आणली. इटलीत प्रत्येक अशा घराला राष्ट्रीय ओळख क्रमांक असणे आणि तो जाहिरातीत दाखवणे २०२५ च्या आरंभापासून बंधनकारक झाले. पाहुण्याची ओळख प्रत्यक्ष पटवली पाहिजे, असे परिपत्रक तिथल्या गृहमंत्रालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये काढले, त्यावर न्यायालयीन वादही झाला. बार्सिलोनाचे महापौर जाउमे कोलबोनी यांनी जून २०२४ मध्ये याहून मोठे पाऊल जाहीर केले : शहरातील १० हजार १०१ पर्यटक सदनिकांचे परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर चालू ठेवले जाणार नाहीत. आणि २० मे २०२६ पासून युरोपीय संघाचा नवा नियम लागू होत आहे. त्यानुसार जिथे नोंदणी सक्तीची आहे तिथे मंचांना नोंदणी क्रमांक दाखवावे लागतील आणि मुक्कामांची माहिती नियमितपणे प्रशासनाला द्यावी लागेल. आजवर अंदाजाने चाललेला कारभार यापुढे आकड्यांवर चालेल.

याच्या जोडीला कर आहेत. रोममध्ये ऑक्टोबर २०२३ पासून तीन तारांकित हॉटेलात दर माणशी दर रात्री ६ युरो, तर पंचतारांकितात १० युरो मुक्काम कर आहे. दहा वर्षांखालील मुलांना तो माफ आहे. दोघांनी तीन रात्री काढल्या तर ३६ युरो, आणि ते बहुधा आगाऊ भरलेल्या रकमेत धरलेले नसतात, हॉटेलात वेगळे द्यावे लागतात. ॲम्स्टरडॅममध्ये हा कर २०२४ पासून खोलीच्या दराच्या साडेबारा टक्के आहे. त्यावर १ जानेवारी २०२६ पासून नेदरलँड्सने निवासावरील मूल्यवर्धित कर ९ वरून २१ टक्के केला. व्हेनिसने २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी, केवळ दिवसभरासाठी येणाऱ्यांवर प्रवेशशुल्क लावले. ते ५ युरोंपासून सुरू झाले आणि २०२५ मध्ये आयत्या वेळी नोंदणी करणाऱ्यांना १० युरो झाले. शहरात मुक्काम करणाऱ्याला मात्र ते द्यावे लागत नाही. राहणारा हवा, नुसता फिरून जाणारा नको, असा त्यामागील संकेत आहे. तो योग्य वाटतो, पण राहायला परवडणारी जागा त्याच शहरात उरली तरच त्याला अर्थ.

नेमके येथेच या धोरणांत एक पोकळी दिसते. सदनिका बंद झाल्या म्हणजे प्रवासी येणे थांबत नाही. तो हॉटेलकडे वळतो किंवा शहराबाहेर राहून रोज आत येतो. ॲम्स्टरडॅमने तर नव्या हॉटेलांवरही २०२४ मध्ये निर्बंध घातले. एक बंद झाल्याशिवाय दुसरे उघडता येत नाही. पुरवठा आटला आणि मागणी तशीच राहिली तर दर कोणत्या दिशेला जातील हे सांगायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. रहिवाशांना घरे परत मिळावीत हा हेतू रास्तच आहे आणि तो प्रवाशाच्या सोयीहून मोठा आहे. पण त्याचा आनुषंगिक परिणाम म्हणून जुने शहर फक्त श्रीमंत पाहुण्यांच्या मुक्कामाचे होऊ नये, याची तजवीज या नियमांत फारशी आढळत नाही. इमारतीच्या दर्शनी भागाला संरक्षण आहे. आतल्या साध्या खाटेला नाही.

सरकारने स्वतः वास्तू हाती घेतली तर काय होते, याचे धडे स्पेन आणि पोर्तुगालने दिले आहेत. स्पेनच्या ‘पाराडोर’ साखळीचा आरंभ १९२८ मध्ये ग्रेदोस पर्वतराजीत झाला. आज किल्ले, मठ, राजवाडे मिळून सुमारे शंभर हॉटेले सरकारी मालकीच्या कंपनीकडे आहेत. सान्तियागो दे कोम्पोस्तेला येथे पंधराव्या शतकाच्या अखेरीस राजा-राणीने यात्रेकरूंसाठी बांधवलेले रुग्णालय आज पाराडोर आहे. वास्तू उत्तम राखली आहे, परंतु ज्यांच्यासाठी ती बांधली त्या पायी यात्रेकरूला तिथे उतरणे परवडत नाही. आडगावच्या पाराडोरमध्ये आडहंगामात दर बरेच उतरतात, प्रसिद्ध शहरांत ते सहसा होत नाही. पोर्तुगालने १९४२ मध्ये सुरू केलेल्या ‘पोउझादा’ २००३ मध्ये चालवण्यासाठी खासगी समूहाकडे दिल्या. वारसा जपणे आणि तो सर्वांना परवडणे ही दोन कामे आहेत, आणि पहिले केल्याने दुसरे आपोआप होत नाही.

त्या मानाने युवक वसतिगृहांनी हे दुसरे काम अधिक निष्ठेने केले. या चळवळीचा जन्मच जर्मनीतील आल्टेना येथील किल्ल्यात, पहिल्या महायुद्धाआधीच्या काळात झाला. न्युरेंबर्गच्या किल्ल्यातील पंधराव्या शतकातील धान्यकोठार आणि घोड्यांची पागा महायुद्धात उद्ध्वस्त झाली होती. ती पुन्हा उभारून आज तिथे वसतिगृह चालते. सदस्यत्व मात्र घ्यावे लागते. स्टॉकहोममध्ये १८८८ साली बांधलेल्या ‘आफ चॅपमन’ या शिडाच्या जहाजावर १९४९ पासून प्रवासी झोपतात. लुब्लियानात युगोस्लाव्ह लष्कराच्या जुन्या तुरुंगाचे २००३ मध्ये वसतिगृह झाले आणि कोठड्यांच्या खोल्या. वसतिगृह म्हणजे वीस जणांची सामायिक खोली हा आपल्याकडील समज आता जुना झाला आहे. अनेक ठिकाणी कुटुंबासाठी स्वतंत्र खोल्या मिळतात. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची महाविद्यालये विद्यार्थी सुटीवर गेल्यावर खोल्या भाड्याने देतात, पण ब्रिटनचा व्हिसा वेगळा, त्यामुळे शेंगेनच्या सहलीत तो पर्याय बसत नाही.

भारतीय प्रवाशापुढे आणखी एक अडचण असते, जिच्याकडे युरोपीय मार्गदर्शकांचे लक्ष जात नाही. शेंगेन व्हिसाच्या अर्जासोबत निवासाचा पुरावा द्यावा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. मोठ्या हॉटेलची, रद्द करता येणारी नोंदणी क्षणात हाती येते. छोटा मठ मात्र ईमेलला दोन दिवसांनी उत्तर देतो, कधी फक्त इटालियनमध्ये, आणि आगाऊ रक्कम बँकेतून पाठवायला सांगतो. म्हणून अनेक जण महागडे हॉटेल दाखवून व्हिसा काढतात आणि नंतर मुक्काम बदलतात. हा मार्ग जोखमीचा आहे. सीमेवरील अधिकारी मुक्कामाचा तपशील विचारू शकतो आणि कागद व वस्तुस्थिती यांत मेळ नसेल तर प्रश्न उभे राहतात. त्यापेक्षा तीनचार महिने आधी मठाला लिहून, सर्वांची नावे पारपत्राप्रमाणे असलेले आणि तारखा स्पष्ट असलेले निश्चितीपत्र मागवणे श्रेयस्कर. व्हिसा नाकारला गेल्यास आगाऊ रकमेचे काय, हेही त्याच पत्रात विचारून घ्यावे. जिना किती आहे, उद्वाहक आहे का, हा प्रश्न आजीआजोबा सोबत असतील तर विसरू नये. चारशे वर्षांपूर्वीच्या गवंड्याने गुडघेदुखीचा विचार केलेला नसतो. घर भाड्याने घ्यायचे असल्यास इटलीत जाहिरातीत राष्ट्रीय ओळख क्रमांक आहे की नाही हे आधी पाहावे. तो नसेल तर दर कितीही मोहक असला तरी तिकडे वळू नये.

रोमचे महापालिका प्रशासन, इटलीचे सरकार आणि धर्मसंघ यांच्यासमोर आता पुढचे वर्ष आहे ते २०३३. ख्रिस्ताच्या मृत्यू आणि पुनरुत्थानाला दोन हजार वर्षे होत असल्याने चर्चचे लक्ष त्या वर्षाकडे आहे आणि यात्रेकरूंचा ओघ तेव्हा पुन्हा वाढेल, हे गृहीत धरायला हरकत नाही. बार्सिलोनातील सदनिकांच्या परवान्यांची मुदत तोवर संपून गेलेली असेल. मठांतील आजच्या भगिनी सात वर्षांनी म्हाताऱ्या झालेल्या असतील. त्यांच्या खोल्या कोण चालवणार आणि कोणत्या दराने, याचा निर्णय कोणत्याही महासभेत एका ठरावाने होणार नाही. तो एकेका इमारतीच्या भाडेकरारात, एकेका छपराच्या दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात, आतापासूनच होऊ लागला आहे.